वकीलपत्रावर नाव, अभ्यासिकेत खुर्ची

सदर : कोर्टाची पायरी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २४ वर्षांची आहे. बी.ए. एलएल.बी. पहिल्या खेपेत पास झाले, मार्कही चांगले आहेत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून एकच डोक्यात होतं, जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आणि न्यायाधीश व्हायचं. शेवटच्या सेमिस्टरची तयारी चालू असतानाच सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि तीन वर्षं वकिलीची अट पडली. जुलैमध्ये वकिलीची सनद घेतली. आता दोन रस्ते आहेत. आमच्या तालुक्याच्या कोर्टात बाबांचे जुने मित्र वकिली करतात, मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, "तू पुण्याला जा, क्लास लाव. मी वर्षाला आठ-दहा वकीलपत्रांवर तुझं नाव घालतो. तीन वर्षांनी दाखला मी देतो, त्यावरची सहीपण मीच आणतो." दुसरा रस्ता जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या सिनियरचा. ते महिन्याला तीन हजार देतात आणि सकाळी दहा ते रात्री नऊ सोडत नाहीत, असं त्यांच्याकडची मुलगी सांगते. मग अभ्यास कधी करायचा? आई म्हणते, सगळेच असं करतात, यात कुणाचं नुकसान होतंय? खरं सांगायचं तर मलाही ही फॉर्मॅलिटीच वाटते. आणि त्या सरांकडे गेलेच तर पैसे वाढवून मागू का? घरी स्थळं बघायलाही सुरुवात झालीय. काहीच सुचत नाही.

ता.क. काका म्हणतात, गाऊन आत्ताच शिवून घे. घेऊ का?

– नवी सनद, सांगली जिल्हा

---

वकीलसाहेब,

सवय करून घे. कोर्टाच्या आवारातला चहावालासुद्धा तुला हीच हाक मारणार आहे. आजोबांच्या वयाचा माणूस हात जोडून 'वकीलसाहेब' म्हणाला की पहिले काही महिने आपण मागे वळून बघतो, नक्की कुणाला म्हणतोय हा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. काकांना हो म्हण. फक्त पुण्याला जाऊ नकोस.

तू पत्रात दोनच रस्ते मांडलेस, एक सोयीचा आणि एक कष्टाचा, आणि मी कष्टाचा निवड म्हणेन अशी तुझी खात्री असणार. पण काकांच्या बोलण्यातलं अर्धं सोनं आहे, ते तुझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या वकीलपत्रावर, म्हणजे पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर, तुझं नाव लागणार आहे. लागू दे. आणि ज्या ज्या दाव्यात ते लागेल, त्या दाव्याच्या प्रत्येक तारखेला तू तिथे हजर राहा. तू ज्या परीक्षेची तयारी करतेस तिचं नाव काय? दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग. हे न्यायाधीश बसतात कुठे? तुझ्या तालुक्याच्या कोर्टात. उद्या जी खुर्ची तुला हवी आहे, ती तुझ्या घरापासून एसटीच्या एका तिकिटावर आहे, आणि तिच्यासमोर तीन वर्षं उभं राहायची संधी सोडून तू सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून त्याच खुर्चीचा अभ्यास करणार?

आता त्या 'फॉर्मॅलिटी'विषयी.

२० मे २०२५ चा तो निकाल. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपले अमरावतीचे, पदावर येऊन सहा दिवस झाले होते. अट काही त्यांनी नव्याने शोधून काढली नाही. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ती घातली होती. २००२ मध्ये, न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर, ती काढली, कारण तीन वर्षं वकिलीत रुळलेली हुशार मुलं या नोकरीकडे फिरकत नाहीत असं तेव्हा वाटलं. मग वीस-बावीस वर्षं कॉलेजातून थेट खुर्चीत बसलेल्यांचा अनुभव घेतल्यावर बहुतेक उच्च न्यायालयांनी सांगितलं की हे काही जमत नाही. म्हणून अट परत आली.

ती सगळ्यांवर सारखी पडत नाही, हे मला मान्य आहे. ज्याच्या वडिलांचं ऑफिस आहे त्याची तीन वर्षं कशी जातात आणि तुझी कशी जाणार, हे मी जवळून पाहिलंय. त्यात मुलगी असलीस तर घरचे घड्याळ लावूनच बसलेले. या अटीविरुद्ध कुणी बोललं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण काका सुचवतात त्यात अटीविरुद्ध बोलणं नाही, ती पाळल्याचा कागद तयार करणं आहे.

त्या कागदाचं स्वरूप नीट बघ. निकालात म्हटल्याप्रमाणे दाखला एकतर त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचा, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा हवा. म्हणजे काका 'सही मीच आणतो' म्हणतात ती सही न्यायाधीशाची आहे. तुझा चेहरा तीन वर्षांत न पाहिलेल्या न्यायाधीशाकडून ती आणायची, म्हणजे त्यालाही या व्यवहारात ओढायचं. भारतीय न्याय संहितेत खोटा दाखला देण्याला २३४ वं कलम आहे आणि खोटा आहे हे माहीत असून तो वापरण्याला २३५ वं. पहिलं काकांसाठी, दुसरं तुझ्यासाठी. आईला वाटतं तसं हे कुणाला कळणार नाही असंही नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने शोध घेतला की केसेसची यादी येते, कुठल्या तारखेला काय झालं तेही दिसतं. तू कुठल्या वर्षी पुण्यात कुठल्या क्लासला होतीस, हे तर तुझा क्लासच फोटोसकट जाहिरातीत छापेल. यादीत नाव आलं की आधी फ्लेक्स लागतो, माहीत आहे ना?

पण पकडले जाण्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. मला जास्त काळजी त्या आठ-दहा वकीलपत्रांची वाटते. वकीलपत्र म्हणजे काय, हे कॉलेजात कुणी सांगत नाही, तिथे फक्त नमुना पाठ करून घेतात. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३, नियम ४ काढून वाच. एकदा वकीलपत्र दाखल झालं की दाव्याचं कामकाज संपेपर्यंत ते चालू राहतं. मध्येच बाजूला व्हायचं तर कोर्टाची परवानगी लागते. आता समज, तू पुण्यात अभ्यासिकेत पुरावा कायदा वाचते आहेस. इथे काकांना ताप आला, किंवा ते शेजारच्या तालुक्याला गेले. पुकारा झाला, वादीतर्फे कुणीच नाही. प्रतिवादीचे वकील उभे आहेत. दावा गैरहजेरीत काढून टाकला. पक्षकार बिचारा एखाद्या बांधाच्या भांडणातला. तो वकीलपत्राची नक्कल काढतो, त्यावर दोन नावं. त्याने ॲडव्होकेट्स ॲक्टच्या ३५ व्या कलमाखाली बार कौन्सिलकडे तक्रार केली तर त्यात तुझंही नाव असेल. शिक्षा समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत काहीही होऊ शकते. तू काय सांगशील? "मी त्या दाव्यात फक्त नावापुरती होते." हे वाक्य आणि तुझा तीन वर्षांचा दाखला एका फायलीत शेजारी शेजारी ठेवून बघ.

तेव्हा आई विचारते 'कुणाचं नुकसान', तर त्या माणसाचं.

आता एक माझी गोष्ट. सनद घेऊन मला दुसरं वर्ष होतं, साल २००३. आम्ही एका वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीकडून होतो. सिनियर आदल्या रात्री महालक्ष्मीने मुंबईला हायकोर्टात गेलेले, जाताना मला म्हणाले, "अर्ज दे, तारीख घे." अर्ज तयारच असायचे, झेरॉक्स काढून ठेवलेले. दावा नंबर घालायचा, तारीख घालायची आणि रिकाम्या जागेत 'वकील परगावी कामात असल्याने' एवढं लिहायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे.

वादी एक म्हातारी होती, शिराळ्याकडच्या गावातून एसटीने यायची. तिचा उलटतपास बाकी होता. पुकारा झाला तशी ती पिंजऱ्यात जाऊन उभीसुद्धा राहिली, डोक्यावरचा पदर सारखा करून, कठडा धरून. मी अर्ज दिला. समोरच्या वकिलांनी म्हणणं दिलं की हरकत आहे. न्यायाधीशांनी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, चाळला, माझ्याकडे बघितलं, शंभर रुपये खर्च लावला आणि महिन्याभराची तारीख दिली. माझं काम फत्ते. बाहेर व्हरांड्यात म्हातारी माझ्याजवळ आली. मला वाटलं भांडणार. ती म्हणाली, "पोरी, म्हस शेजारणीच्या गळ्यात घालून आली हुते. पुढल्या खेपंला तरी इचारशील न्हवं?"

इचारशील न्हवं. तिला उलटतपास हवा होता! ज्यात आम्ही तिला खोटी पाडणार होतो, तो हवा होता, कारण त्याशिवाय तिची पायपीट संपणार नव्हती.

ऑफिसात येऊन मी दिवाणी प्रक्रिया संहितेतली तारखांबद्दलची ऑर्डर १७ उघडली. कॉलेजात मी ती पाठ केली होती, त्या पेपरात मार्कही बरे होते. एका पक्षकाराला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत, ही दुरुस्ती तेव्हा नुकतीच, २००२ मध्ये लागू झालेली. आणि वकील दुसऱ्या कोर्टात कामात आहे हे तारखेला कारण होऊ शकत नाही, हे तर त्याच नियमात त्याच्याही आधीपासून स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे माझ्या सुबक अक्षरातलं कारण कायद्याने कारणच नव्हतं. मी ते लिहिलं, समोरच्याने नेहमीची हरकत घेतली, न्यायाधीशांनी नेहमीचे शंभर लावले, आणि तिघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असलं तर त्या म्हशीच्या मालकिणीला.

तुला ही गोष्ट मी अशासाठी सांगते की परीक्षेत ऑर्डर १७ वर टिपा लिहा असं आलं तर क्लासमधला मुलगा तुझ्यापेक्षा जास्त लिहील. पण पहिल्या पोस्टिंगवर, सकाळच्या बोर्डावर साठ-सत्तर केसेस असताना, कुणी ज्युनियर झेरॉक्सचा अर्ज पुढे करेल, तेव्हा पिंजऱ्यात कोण उभं आहे हे आधी बघायची सवय क्लासमध्ये लागत नाही. मी न्यायाधीश झाले नाही. पण त्यानंतर तसला अर्ज लिहिण्याआधी समोरचा साक्षीदार आलाय का, हे बघायला बाहेर जाऊन यायचे. आला असेल तर सिनियरना सांगायचे, उलटतपास मीच घेते. पहिले तीन उलटतपास भयंकर झाले. चौथा बरा झाला.

आता त्या जिल्ह्याच्या सिनियरकडे वळू. तास किती आणि पगार किती, एवढंच त्यांच्याकडच्या मुलीला विचारलंस. मुख्य प्रश्न राहिला. तिला विचार, गेल्या महिन्यात ती कोर्टात किती वेळा उभी राहिली? नुसतं 'तारीख द्यावी' म्हणायला नव्हे, चार वाक्यं बोलायला. नि. ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, तिने कधी युक्तिवाद केलाय का? सरतपासाचं, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीचं, शपथपत्र कुणाशी बोलून कुणी लिहिलं? उत्तर 'झेरॉक्स, नक्कल, फायलिंग आणि सरांच्या मुलांना क्लासवरून आणणं' असं आलं, तर रात्री नऊपर्यंत थांबूनही तिची वकिली झालेली नाही. तो दाखला कागदोपत्री खरा, आतून पोकळ. मोठ्या ऑफिसात असं पुष्कळदा होतं, कारण तिथे तुझ्याआधी चार जण रांगेत असतात. तालुक्यात रांगच नसते. काका आजारी पडले की तू उभी.

तालुक्याला काम लहान असतं असं तुला वाटत असेल, तर एक दिवस बोर्ड वाच. चेक न वटल्याच्या १३८ च्या केसेस, कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज, पोटगी, किरकोळ मारामाऱ्यांचे जामीन, वाटप, वहिवाट, बांध, निकालाच्या अंमलबजावणीच्या दरखास्ती. शेतरस्त्याचं भांडण असेल तर तहसीलदारासमोर १९०६ चा मामलेदार कोर्ट ॲक्ट, तोही अजून जिवंत आहे. शिवाय तुमच्या पिढीला एक विचित्र लाभ झालाय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान. त्यामुळे एकाच सकाळी एकाच कोर्टात दोन्ही कायदे चालतात. क्लासवाले जुन्या-नव्या कलमांचे तक्ते विकतात. तुला तो तक्ता चार्जशीट वाचून वाचून आपोआप पाठ होईल.

तिसऱ्या वर्षी मात्र जिल्ह्याला जा. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून, आपल्या सहा जिल्ह्यांतल्या सिनियर मंडळींची धावपळ तिकडे सुरू झालीय. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सगळ्यांचं हायकोर्ट आता मुंबईऐवजी तिथे. सिनियर कोल्हापुरात, मग जिल्हा कोर्टात कोण उभं राहणार? दोन वर्षं उभं राहून आलेली ज्युनियर त्यांना तेव्हा हवी असेल. आणि तेव्हा पैशाचं बोलणंही सोपं जाईल.

पैशाचं निघालंच आहे तर सांगते. माग. पहिल्या भेटीतच माग, आणि आकडा सांगून माग. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक परिपत्रक काढलं की ज्युनियरना शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. पण तो सल्ला आहे, बंधन नाही, आणि आपल्याकडे सल्ला फुकट मिळाला की त्याची किंमत काय असते ते आपण वकिलांनी कुणाला शिकवावं! तुझ्या त्या सिनियरसमोर परिपत्रक ठेवलंस तर ते चष्मा काढून हसतील. त्यापेक्षा असं म्हण, "सर, खोलीचं भाडं, डबा आणि एसटीचा पास मिळून माझा महिन्याचा खर्च एवढा आहे. तेवढं मिळालं तर मी घरून पैसे न मागता पूर्ण वेळ देऊ शकते." यात वाईट दिसण्यासारखं काय आहे? ज्याला यात उद्धटपणा दिसतो, तो पुढेही तुझ्या कामाचं श्रेय देणार नाही, हे पहिल्याच भेटीत कळलं ते बरं.

काकांकडे पैसे मिळणार नाहीत असं धरून चाल. पण घरी राहणार, म्हणजे भाडं आणि डबा वाचला. आणि त्यांच्याकडून दुसरं काहीतरी माग : किरकोळ कामं तुझ्या नावावर घ्यायची मोकळीक. १३८ च्या नोटिसा, भाडेकरार, मृत्यूनंतरचे वारसाचे अर्ज. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, हे तारखांचं गणित एकदा हातात बसलं की या कामांवर ज्युनियरचं पेट्रोल आरामात निघतं.

मामा नाहीतर आत्या आणखी एक तोडगा सुचवतील : एखाद्या कंपनीत लीगलची नोकरी कर आणि सनदही चालू ठेव. तेही करू नकोस. पूर्ण वेळच्या पगारी नोकराला वकिली करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ४९ व्या क्रमांकावर स्पष्ट आहे. नोकरी धरलीस तर सनद स्थगित करावी लागेल आणि ती वर्षं तुझ्या तीनमध्ये धरली जाणार नाहीत. खरोखर वेगळं काही करायचं असेल तर दोन गोष्टींची चौकशी कर. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून काम केलं तर तो अनुभव या तीन वर्षांत धरावा असं त्याच निकालात आहे. दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरीब आरोपींसाठी बचाव वकिलांची योजना आहे, तिची जाहिरात कधी निघते यावर लक्ष ठेव.

हो, आणि तुझ्या मोजणीत एक चूक होऊ देऊ नकोस. तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची आहेत, ऑल इंडिया बार परीक्षा पास झाल्यापासून नाही. तुझं जुलैपासून सुरू झालंय. बार परीक्षा मात्र लगेच देऊन टाक.

आता काम सुरू झाल्यावरची एक जागा दाखवून ठेवते, कारण तिथे तुझा पाय पहिल्याच महिन्यात अडकणार आहे. शपथपत्राच्या तळाशी 'मी शपथकर्त्यास ओळखतो' असं लिहिलेलं असतं आणि खाली वकिलाची सही लागते. ज्युनियरचं ते कामच समजतात. क्लार्क पाच-सहा शपथपत्रांचा गठ्ठा पुढे करेल, "मॅडम, ओळखीच्या सह्या करा, शिरस्तेदार थांबलेत." माणसं दिसणार नाहीत, फक्त कागद. खोटा दाखला नको म्हणणारी माणसंसुद्धा इथे बेलाशक सही ठोकतात, कारण ती गोष्ट इतकी लहान दिसते. तू म्हण, "जरा आत बोलवा की त्यांना." आधार कार्ड बघ, चेहरा बघ, विचार, "यात काय लिहिलंय माहीत आहे ना?" दोन मिनिटं लागतात. क्लार्क आठवडाभर तोंड वाकडं करेल, नंतर माणसं स्वतःहून आत पाठवायला लागेल. तसं करताना मला एकदा कळलं होतं की ज्या आजोबांच्या नावाचं शपथपत्र होतं, ते वारून चार महिने झाले होते. कागद माझ्यासमोर होता, बाकी सगळं बिनचूक.

अभ्यासाचं म्हणशील तर मी तुझ्या वयाच्या बऱ्याच जणांना बघितलंय. बारा तास अभ्यासिकेत बसणारे पाच तास मोबाइल बघतात. तू पहाटे तीन तास घे. कोर्ट साडेदहा-अकराला. संध्याकाळी वाटलं तर बेअर ॲक्टची चार पानं, त्या दिवशी जे कलम कोर्टात निघालं तेच. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना मोठी सुट्टी असते, दिवाळीत थोडी. तेव्हा पुण्याला जाऊन महिनाभर टेस्ट सिरीज दे की, कोण अडवतंय? आणि एक वही कर. डायरी वेगळी, ती तारखांची. या वहीत रोज एकच गोष्ट लिहायची : आज न्यायाधीशांनी काय आदेश केला आणि मी त्या जागी असते तर काय केलं असतं. महिन्याने परत वाच. आधी तुला न्यायाधीशांच्या चुका दिसतील, मग तुझ्या.

काकांशी कसं बोलायचं, हे तुला अवघड जाणार आहे, कारण माणूस प्रेमाने म्हणतोय. त्यांना कायद्याची कलमं ऐकवू नकोस, २३४ तर मुळीच नको. बाबांना बरोबर घेऊन जा आणि म्हण, "काका, तुम्ही माझं नाव घालताय ना, मग मी येतेच रोज. पुण्याला नंतर बघू. मला तुमच्याकडे उलटतपास शिकायचाय." बहुतेक वकील या शेवटच्या वाक्याला विरघळतात. नाही विरघळले, कपाळाला आठी घालून "कशाला रोज येतेस?" म्हणाले, तर मात्र समज की त्यांना ज्युनियर नको होती. मग तालुक्यात आणखी वकील आहेत. बार रूममध्ये जाऊन बस, आठवड्यात कुणी ना कुणी "जरा ही तारीख बघतेस का?" म्हणेल.

स्थळांचं काय, ते मी सांगणारी कोण? एवढंच, की येणाऱ्या मुलाला 'मी परीक्षेचा अभ्यास करते' असं न सांगता 'मी वकील आहे' असं सांग. दोन्हीचे अर्थ लोक फार वेगवेगळे लावतात. पहिल्यात तू रिकामी असतेस.

आणि गाऊन. इतक्यात शिवू नकोस. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे गाऊन सक्तीचा आहे तो सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात, तालुक्याला तो ऐच्छिक. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाचीही सक्ती नसते, तेव्हा एप्रिलमध्ये घामाघूम होऊन शौर्य दाखवू नकोस. कोल्हापूरच्या बेंचसमोर पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा गाऊन घे, आणि काकांनाच घेऊन द्यायला सांग, सुचवलं त्यांनी आहे. गळ्यातले पांढरे बँड मात्र आत्ताच दोन-तीन घेऊन ठेव. एक नेहमी धुवायला असतो, आणि दुसरा ऐन पुकाऱ्याला कुणीतरी मागून नेतं.

– ताई